पांढरीचा हिशेब

सोमवार ते शुक्रवार मी अणूंचं मरण मोजते.
किती वेळात निम्मे उरतील, मग निम्म्याचे निम्मे,
दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत.
शनिवारी गमबूट चढवते
आणि वीब्रनच्या बटाट्याच्या रानात
खाली मान घालून चालते,
काही हरवल्यासारखी.

माझं काही हरवलेलं नाही, हे त्याला ठाऊक आहे.
"बाईंना खापऱ्यांचं खूळ," तो बायकोला सांगतो,
आणि फोन करतो:
"नांगर फिरलाय, वर पाऊसही होऊन गेला. या."
पाऊस खापऱ्या धुऊन ठेवतो, हे मी त्याला शिकवलं.
उचलायचं ते कमरेत वाकून नव्हे, गुडघे मोडून,
हे त्याने मला.

चिलिमींच्या नळ्या मिळतात, खडूच्या तुकड्यांसारख्या.
मेंढीचे दात. निळ्या काठाची पाव बशी.
एक बटण लोल्केने, म्हणजे आमच्या निवृत्त पोस्टमनने,
"हे माझंच," म्हणून परत नेलं.

आणि या नोव्हेंबरात
गाईच्या पायाची नळी,
एका अंगाने घासून घासून आरसा झालेली.
पायाखाली बांधायची, काठी रेटत बर्फावरून निघायचं.
हजार वर्षांची असेल. बाराशेही असेल.
"असेल" हा शब्द मी प्रयोगशाळेत वापरत नाही.

टाचेकडे जास्त झिजलीय, डावीकडे.
म्हणजे तो लंगडत होता? की ती?
की हाडच मुळात वाकडं?
एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही,
विद्यार्थ्यांना मी दर वर्षी बजावते.
रात्री स्वयंपाकघरात, पायात मोजे, हात ओट्याला,
डाव्या टाचेवर भार टाकून
मी दोनदा घसरून पाहिलं.

पण हे हाड इथलं नव्हेच.
इथे तेव्हा नुसती दलदल, चिटपाखरू नाही,
घसरणार कोण?
लोल्केने कॉफीत बिस्किट बुडवलं.
"होडीने आलं," म्हणाला,
आणि हनुवटीनेच उत्तर दिशा दाखवली.

तिकडे समुद्राकाठी टेकाडांवर गावं होती.
भरती आली की माणसं, गुरं, चूल, सगळं वर.
शेण, राख, फुटकी मडकी, मेलेली कुत्री
यांचीच ती टेकाडं, पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेली.
गावाची पांढरी.
मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, हिला खताचा गुण आहे.
टेकाडं विकायला निघाली, होडीच्या मापाने.
तिकडची पांढरी इकडच्या काळीत कालवली.
बटाटे पोसले.

पाणी-मंडळाच्या दप्तरात वही आहे.
१८८७. आल्सवेर्डचं टेकाड, उत्तर अंग:
दोनशे चौदा होड्या. रोख.
सही वळणदार, आडनाव माझं.

पणजोबांचा घरी एकच फोटो, रविवारच्या कोटातला.
हातात फावडं नाही.
त्या पैशांवर पोरं शाळेत गेली, आई सांगायची,
कुठले पैसे ते सांगायची नाही.
आजोबा मास्तर झाले, आई नर्स,
आणि मी ही अशी, अणू मोजणारी.
मला कुठल्या होडीने शिकवलं?
एकशे सातव्या? की तिच्याही निम्म्यावर?

संग्रहालयाच्या चिठ्ठीवर रकाना असतो: मूळ ठिकाण.
मी लिहिलं: आल्सवेर्ड, बहुधा.
चूक: तीस किलोमीटर
आणि एक पणजोबा, कमी-अधिक.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

निघताना वीब्रनने पोतं गाडीत टाकलं.
घरी बटाटे धुतले. पाणी काळंशार.
मोरीत ओतायला हात होईना,
म्हणून गाळून घेतलं.
गाळणीत काही नव्हतं.
बटाटे छान शिजले.